पाण्यावरची गोल तोंडं

लिलाववाल्याची वाचा गेली ती भर बाजारात, फुलकोबीच्या ढिगासमोर उभा असताना. बोली चढत होती, पुढचा आकडा पुकारायला त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. समोरच्या व्यापाऱ्यांना वाटलं, नेहमीसारखा ताणतोय, आता एखादी कोटी करून हशा पिकवील. म्हणून ते आधीच हसायला लागले होते. तो हळूच खाली बसला तेव्हा कुठे त्यांचं हसू थांबलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्याचा उजवा पाय चालता झाला, हाताच्या बोटांत जीव आला, शर्टाची बटणं त्याची त्याला लावता येऊ लागली. समज तर पहिल्यापासून शाबूत होती. वर्तमानपत्र वाचायचा, घड्याळाला किल्ली द्यायचा, बहिणीने सांगितलेल्या गमतीवर हसायचा. फक्त शब्द येत नव्हते. घशातून एखादा हुंकार निघे, ओठ हलत, आणि मग तो समोरच्याकडे असा बघे, की दारापर्यंत आल्यावर किल्ली विसरल्याचं ध्यानात आलेल्या माणसाची आठवण व्हावी.

त्याची बायको कवळ्या बनवायची. घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलावर तिचं काम चाले. गावातले दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे तिच्याकडे पाठवत. ती त्यात प्लास्टर ओतून साचे काढी, गुलाबी मेणात एकेक दात बसवी, आणि फळीवर मांडलेल्या त्या पांढऱ्या जबड्यांवरून कोण एकाच बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो, हे तिला माणूस न पाहता कळे. कवळी तोंडात बसल्यावर ‘फ’ म्हणताना ओठ कुठे टेकतो आणि ‘म’ म्हणताना किती मिटतो, हे पाहायला ती कधीकधी डॉक्टरांकडे जाऊन बसे. बोलणाऱ्याचा आवाज कानांवर पडण्याआधी त्याचे ओठ वाचायची सवय तिला अशी लागलेली होती. स्वतः मात्र ती फार कमी बोलायची. त्या घरात बोलण्याचं खातं नवऱ्याकडे होतं. बाजारातून आला की हात धुताधुताच तो दिवसभराच्या कथा सुरू करी आणि ती मेणाचा दिवा विझवून ऐकत बसे. आता संध्याकाळी तो हात धुऊन येई, तिच्यासमोर स्टुलावर बसे, आणि दोघं फळीवरच्या जबड्यांकडे पाहत राहत.

दवाखान्यात वाचा शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पुष्कळ खटपट केली. चित्रं दाखवली, फुंकर मारायला लावली, गाणी म्हणून घेतली. शेवटी त्या म्हणाल्या की, जबरदस्ती करण्यात अर्थ नाही, त्यांना जिथे बरं वाटायचं तिथे घेऊन जात जा. वरच्या मजल्यावर राहणारी धाकटी नणंद लगेच म्हणाली, “मग तळ्यावर ने, वहिनी. दादा आयुष्यात गप्प बसलाय तो तिथेच.”

ते खरं होतं. सुट्टीच्या दिवशी हा बोलका माणूस गळाची काठी घेऊन तळ्यावर जाई आणि तासन्‌तास तोंड मिटून बसे. मासा घरी कधी आणला नाही. तिथला तसा रिवाजच होता. पकडायचा, पाहायचा, पुन्हा पाण्यात सोडायचा.

तळं गावाबाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे होतं. विटांसाठी माती खणून खणून झालेल्या खोल खड्ड्यांत कधीतरी पाणी भरलं आणि ते तिथेच राहिलं. काठाला लव्हाळी, पाण्यावर वाकलेली झाडं, आणि मासेमारांनी बसून बसून गुळगुळीत केलेल्या लाकडी फळ्या. समोरच्या काठावर रोज एक निवृत्त औषधविक्रेता बसे. मिळालेला प्रत्येक मासा ओल्या कापडात गुंडाळून काट्यावर तोलल्याशिवाय तो पाण्यात सोडत नसे, म्हणून सगळे त्याला ‘तराजू’ म्हणत. लिलाववाल्याला पुन्हा आलेला पाहून तराजूला मनापासून आनंद झाला. समोरचा बोलत नाही याची उणीव त्याने एकट्याने भरून काढली.

त्याच्याकडूनच तिला तळं कळलं. वरून निवांत दिसणारं ते पाणी आत किती राबतं, हे तो हात नाचवत सांगे. कार्प मासे तळाचा चिखल उकरतात, अळ्या आणि शंखगोगलगायी शोधतात, आणि त्यांनी ढवळलेल्या गाळावर शेवाळ वाढतं. त्या शेवाळावर डोळ्यांना न दिसणारे किडे, त्या किड्यांवर चंदेरी पिल्लं, त्या पिल्लांवर लांब मिशांचा शिंगाडा मासा आणि लव्हाळ्यांच्या मुळांत वेटोळं घालून बसलेली वाम. काहीच वाया जात नाही म्हणे. जे पाण्यात पडतं ते कुणाच्या ना कुणाच्या तोंडी जातं आणि पुन्हा तळ्यातच राहतं. लोक या माशांना हलके समजतात, कारण ते ताटात शोभत नाहीत. पण तळं चालतं ते यांच्या जिवावर. कवळीवालीसाठी त्याने एक खास गोष्ट राखून ठेवली होती. कार्पच्या तोंडात दात नसतात. असतात ते पार मागे, घशात. तोंड नुसतं मऊ ओठांचं, पुढे निघणारं, गोल.

“म्हणजे तुमचं काही काम नाही इथे,” असं म्हणून तो स्वतःच हसला. लिलाववालाही हसला. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

त्यानंतर ती दोघं रोज सकाळचं आवरून तळ्यावर जाऊ लागली. तो फळीवर बसे, काठी पुढे धरे, पाण्यावर तरंगणाऱ्या लाल काडीकडे बघे. ती शेजारी चटई टाकून काहीतरी शिवत बसे. आणि मासे येत.

पहिल्यांदा आले तेव्हा तिला नुसतं कौतुक वाटलं. पाणी आधी मंद हिरवं होतं; मग त्यात सावल्या उमटल्या, सावल्यांना पाठी फुटल्या, तांबूस, काळसर, सोनेरी, आणि पाच-सहा थोराड कार्प त्याच्या पायांशी येऊन स्थिर उभे राहिले. त्यांनी तोंडं पाण्याबाहेर काढली आणि ती उघडमीट करायला लागली. पुच्‌, पुच्‌, असा बारीक आवाज येत होता. तराजू म्हणाला, उकाडा आहे, पाण्यातली हवा कमी झाली की ते वर येतात, त्यात विशेष नाही. नणंद एकदा सोबत आली तर तिचं म्हणणं, गळाला लावलेल्या कणकेचा वास आला की येणारच. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती.

मग पाऊस होऊन गेला, हवा गार झाली, आणि तरी मासे आले. गळाला कणीक लावायची तो विसरला, तरीही आले. तराजू समोरून तक्रार करायला लागला की सगळं तळं तुमच्याकडे सरकलंय, माझा काटा गंजायला आला. बोलणं थट्टेचं होतं, पण खरंच त्याच्या बाजूचं पाणी कोरं असे. आणि इकडे माशांची गर्दी वाढत होती. चंदेरी पिल्लांची दाटी असे आणि त्या दाटीतच तो शिंगाडा उभा असे, शेजारून जाणाऱ्या पिल्लाकडे वळूनही न पाहता. एकदा लव्हाळ्यांतून वामही आली आणि काठीसारखी सरळ होऊन थांबली. सगळ्यांची डोकी एकाच दिशेला होती. असं काही पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, असं तिला वाटे; छाती भरून येई; आणि तरी शिवणातली सुई खाली ठेवून ती पाण्याकडचे पाय चटईवर ओढून घेई.

नवऱ्याचे ओठ हलत होते. हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण तिची नजर पाण्यावर असे. घरी तो बोलायचा प्रयत्न करी तेव्हा ओठ अडखळत, कपाळावर घाम येई. इथे ते सहज हलत होते, बाजारात हलायचे तसे, भरभर, आवाजाशिवाय. तो थांबला की सगळ्यांत पुढचा कार्प तोंड हलवी. हा कार्प तिच्या ओळखीचा झाला होता. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात जुन्या गळाने पडलेली खाच होती. कार्प थांबला की नवरा सुरू करी. दोघांची तोंडं एकदम हलताना तिने कधी पाहिली नाहीत. आणि एका सकाळी कार्पचं तोंड मिटतं न मिटतं तोच नवरा मान मागे टाकून, खांदे हलवत, पोट धरून हसला. ते त्याचं जुनं हसू होतं. एखाद्याने खरोखर मजेदार काही सांगितल्यावरच तो तसा हसायचा.

तिला राग आला. त्या रागाची तिची तिलाच लाज वाटली, पण तो गेला नाही. एवढी वर्षं ज्याचं बोलणं तिच्या वाट्याला आलं होतं, त्याचं ते बोलणं आता चिखल चिवडणाऱ्या माशांना मिळत होतं, आणि ती चटईवर बसून नुसती बघत होती. त्या दिवसापासून तिने शिवण नेणं सोडलं. ती ओठ वाचायला बसली.

नवऱ्याचे ओठ वाचता आले नाहीत. तो मुद्दाम तोंड फिरवून बसतो असं तिला वाटायला लागलं होतं. म्हणून ती कार्पकडे पाहू लागली. दात नाहीत, जीभ दिसत नाही, नुसते दोन मऊ ओठ. त्यात काय वाचणार? मिटणं, उघडणं, गोल होणं, पुढे येणं, एवढंच. बरेच दिवस काही हाती लागलं नाही. मग एकदा नवरा डुलकी काढत होता आणि खाचेचा कार्प फळीपासून सरकून तिच्या चटईसमोर आला. त्याने ओठ मिटले. उघडले, गोल केले. पुन्हा मिटले. मग चंबू करून पुढे काढले आणि तसेच धरले. थोडं थांबून परत तेच. मिटले, गोल, मिटले, चंबू.

ती जागची हलली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने तिचं एक नाव पाडलं होतं. ती एवढी अबोल, म्हणून थट्टेने ‘भोंपू’. चारचौघांत कधी घेतलं नाही. नणंदेलाही ठाऊक नव्हतं. खोलीचं दार लागल्यावर, दिवा मालवताना, हळूच म्हणायचा. भों-पू.

तिने नवऱ्याला हलवून जागं केलं आणि विचारलं, “तुम्ही यांना काय सांगितलंत?” त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि तिचा हात हातात घेऊन हलकेच थोपटला. बोलता येत असतं तर समजूत काढली असती, असं ते थोपटणं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला तळ्यावर न्यायचं नाही असं तिने ठरवलं. पण सकाळी तो बूट घालून दारात उभा होता, आणि आजारातून उठलेल्या माणसाला नाही म्हणणं तिला जमलं नाही. वारा पडलेला होता. पाणी काचेसारखं होतं. त्याने काठी घेतलीच नाही, फळीवर पालथा झोपला आणि डोकं काठाबाहेर काढून खाली वाकला. खाचेचा कार्प वर आला. एवढं प्रचंड धड तिने आजवर पाहिलं नव्हतं. तांब्याच्या ताटांसारखे खवले एकामागून एक वर येतच होते. मासा आणि माणूस यांच्यात वीतभर अंतर राहिलं, मग तेवढंही राहिलं नाही. बाकीचे सगळे मासे बिनहालचालीचे झाले होते. तिला ओरडायचं होतं, पण देवळात पाऊल टाकल्यावर आवाज आपोआप खाली जावा तसं काहीसं तिचं झालं. भान आलं तेव्हा तिने धावत जाऊन त्याची कॉलर धरली आणि मागे ओढलं. तो उठून बसला. ओठ ओले होते. कार्प खाली गेला, आणि त्याच्यामागून सगळे.

त्यानंतरच्या सकाळी ती मेण वितळवत असताना मागून आवाज आला, “आंघोळीचं पाणी तापलंय का?”

आवाज त्याचाच होता. तोच खर्ज, शेवटच्या शब्दावर तीच किंचित चढण. नणंद वरून धावत आली आणि भावाच्या गळ्यात पडून रडली. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी तपासून सांगितलं की कधीकधी असं होतं, आनंद माना. महिनाभरात तो बाजारात परतला. व्यापाऱ्यांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. आकडे पूर्वीसारखे पुकारत होता, कोट्या पूर्वीसारख्या करत होता. घरी आल्यावर हात धुताधुता दिवसभराच्या कथाही सांगत होता, आणि ती मेणाचा दिवा विझवून ऐकत होती.

तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. उलट तो आता जास्त समंजस झाला होता. ती बोलायला लागली की थांबायचा, तिचं पूर्ण होऊ द्यायचा, मगच पुढे बोलायचा. दोघांची तोंडं एकदम हलताहेत असं कधी होत नसे. जेवताना घास तोंडात बराच वेळ ठेवायचा, आणि गिळताना घशात पार मागे काहीतरी चावल्याचा आवाज येई. तळ्याचा विषय मात्र त्याने काढला नाही. तिने काढला तर म्हणाला, “तिथे काय आहे आता?” काठी, रीळ, हातजाळी, सगळं त्याने तराजूला देऊन टाकलं.

एके संध्याकाळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “खोलीत तुम्ही मला काय म्हणायचात?”

त्याने विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे तिला दिसलं. “नावानंच हाक मारायचो की,” तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून काळजीने जवळ आला. “का गं? दुसरं काही म्हणायला हवं होतं का? सांग, म्हणेन तसं.”

“काही नाही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेल्यावर तिने हातावरचं प्लास्टर धुतलं आणि एकटी तळ्यावर गेली. दुपार होती. समोरच्या काठावर तराजू टोपी डोळ्यांवर ओढून लाल काडीकडे बघत बसला होता. त्याने हात वर केला, तिनेही केला. ती फळीवर, नवऱ्याच्या जागेवर बसली. बराच वेळ पाण्यात काही नव्हतं. मग हिरव्यात सावली आली, सावलीला पाठ फुटली, आणि खाचेचा कार्प तिच्या पायांशी येऊन उभा राहिला. मिटले, गोल, मिटले, चंबू.

“अहो?” ती म्हणाली.

कार्पचे ओठ थांबले. मग सुरू झाले, आणि असे सुरू झाले की कधीपासून दाटून राहिलेलं सगळं एकदम बाहेर यावं. तिला त्यातलं दहातलं एखादंच कळत होतं. बाजार कळला. फुलकोबी कळली. पाणी, पाणी असं काहीतरी कळलं, आणि एक लांबलचक वाक्य, जे त्याने पुन्हा पुन्हा म्हटलं आणि जे तिला अजिबात लागलं नाही. ती रडत नव्हती. तिने गुडघ्यांवर हात ठेवले होते आणि मेणाचा दिवा विझवल्यावर ऐकायची तशी ती ऐकत होती. मध्येच कुठेतरी त्याने एखादी कोटी केली असावी, कारण तिला हसू आलं.

हसताना ओले झालेले डोळे पुसायला म्हणून तिने मान वर केली, आणि तळं दिसलं.

वारा नव्हता, आणि तरी पाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वर्तुळंच वर्तुळं उमटत होती. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यभागी एक गोल तोंड होतं. लव्हाळ्यांत, झाडांच्या सावलीत, भर उन्हात, शेकडो तोंडं, आणि ती सगळी बोलत होती. प्रत्येकाची ढब वेगळी. कुणी तावातावाने, कुणी रडकुंडीला येऊन, कुणी म्हाताऱ्या माणसासारखं एकेक शब्द चघळत. एक तर लहान मूल झोपवणाऱ्या बाईसारखं, संथ, तेच तेच. कुठेही आवाज नव्हता, फक्त पुच्‌, पुच्‌, पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळाव्यात तसं. एवढं बोलणं जगात कुठे जात असेल, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आता ते सगळं तिच्यासमोर उन्हात चमकत पसरलं होतं आणि तिला श्वास घेणंसुद्धा उर्मटपणाचं वाटलं. समोरच्या काठाशी, तराजूच्या बुटांपासून हातभर अंतरावर, एक जुना काळा कार्प अर्धा पाण्याबाहेर येऊन जिवाच्या आकांताने काही सांगत होता. तराजू लाल काडीवरची नजर हलवत नव्हता.

तिने हळूच खाली पाहिलं. खाचेचा कार्प थोडा बाजूला सरकला होता, पाहुण्याला जागा करून द्यावी तसा. त्याच्या शेजारी, फळीला अगदी लागून, एक लहान, सडपातळ, चंदेरी कार्प उभा होता, अंगावर एकही खूण नसलेला. त्या अख्ख्या तळ्यात तोंड मिटलेलं होतं ते एकट्या त्याचंच. तो तिच्या ओठांकडे पाहत होता.